पाणीवालीचा शेवट

सेनापतीने राणीच्या पोटात कट्यार खुपसली, तसा विशाल सोफ्यावर मागे रेलून हसला. "मी बोललोच होतो. बाईच्या हातात पूरा राज दिला की हेच होते."

अनुश्रीने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. शेजारी तिच्या सासूबाई, विमलाबाई, पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. ती परदेशी मालिका त्या कितीतरी वर्षं हिंदीतून बघत होत्या. राणीचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. तिच्या शब्दासरशी नद्या वळत, म्हणून त्या तिला 'पाणीवाली' म्हणत. आधी अनुश्रीच्या नवऱ्यासोबत, शेखरसोबत, तिघं मिळून बघायचे. तो हृदयविकाराने अचानक गेला, त्यानंतर सासू-सून दोघीच बघू लागल्या. गुलामांच्या बेड्या तोडणारी, दुष्काळी मुलखात पाणी नेणारी ही राणी शेवटच्या दोन भागांत एकाएकी चवताळली आणि तिने स्वतःचंच शहर बुडवलं. सिंहासन मिळालं ते आजवर नुसताच घोड्यावर बसून विचार करत आलेल्या एका राजपुत्राला.

धाकट्या दिराचा टोमणा कुणासाठी होता, हे अनुश्रीला कळत होतं. शेखरच्या माघारी शहराच्या टोकाच्या भनपुरी भागातलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस तीच चालवत होती. गाड्या मात्र विमलाबाईंच्या नावावर होत्या. मागच्या आठवड्यात नत्थू हा जुना ड्रायव्हर दारू पिऊन गाडी काढायला निघाला, तेव्हा तिने सगळ्यांसमोर त्याच्या हातून चावी हिसकावली आणि तोंडाला येईल ते बोलली. तेलीबांध्याला विशालच्या घरी ही गोष्ट पोचली, ती 'वहिनीचं डोकं फिरलं' अशी होऊन. वहिनीला आता आराम दे, धंदा मी बघतो, असा धोशा त्याने आईच्या मागे लावला होता. उद्या सकाळी काय ते ठरवू, असं विमलाबाई म्हणाल्या होत्या.

अनुश्रीला नीट झोप लागली नाही. त्या दिवशीचा स्वतःचा आवाज तिला पुन्हा पुन्हा ऐकू येई. खरंच आपला तोल गेला होता का? ऑफिस गेलं तर दिवसभर या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात बसून आपण करायचं काय?

रविवारी सकाळी विशाल पुन्हा आला. पोहे खाता खाता त्याने सगळं सविस्तर मांडलं. ड्रायव्हर लोक बिथरलेत, माल पाठवणाऱ्या पार्ट्या उद्या काय म्हणतील, आणि वहिनीच्या तब्येतीचीही काळजी वाटते. विमलाबाईंनी त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याचं झाल्यावर एवढंच विचारलं, की चावी हिसकावल्याच्या दुसऱ्या दिवशी अनुने नत्थूचं काय केलं, हे ठाऊक आहे का?

विशालला ठाऊक नव्हतं. विमलाबाईंनीच सांगितलं. ती नत्थूच्या घरी गेली होती. त्याच्या बायकोशी बोलून तिने त्याला कामावर ठेवलं, पण गाडी नाही द्यायची. दारू सुटेपर्यंत गोदामाच्या फाटकावर बसवायचं. नत्थूच्या बायकोनेच येऊन हे विमलाबाईंना सांगितलं होतं. अनुश्रीने मान वर केली. सासूबाईंना हे माहीत आहे, याची तिला कल्पनाच नव्हती.

"काल त्या मालिकेनं माहं डोकं खराब केलं," विमलाबाई म्हणाल्या. "इतके वर्षं पाहिलं मी त्या पाणीवालीले. रागीट होती, हव. पण रागीट बाई म्हणजे पागल बाई नसते. लिहिणाऱ्याले संपवाची घाई झाली, म्हणून तिले पागल करून टाकलं."

"आई, तो टीव्ही आहे," विशाल म्हणाला.

"तेच तर सांगून राहिली. अनु लगन होऊन आली तवापासून मी तिले पाहून राहिली. मले काही घाई नाही. ऑफिस तिच्याजवळच राहीन. गाड्याही तिच्या नावानं करून टाकीन म्हणते."

विशालने बशीतले उरलेले पोहे संपवले. मग म्हणाला, "ठीक है ना, आई. मी तर वहिनीसाठीच बोलून राहिलो होतो." त्याच्या खांद्यांवरचाही ताण उतरलेला दिसला. भनपुरीच्या धुळीत रोज बसायची हौस बहुधा त्यालाही नव्हती. त्याने आणखी पोहे मागितले आणि अनुश्रीने ते, वर थोडी शेव टाकून, वाढले.  आत कुठेतरी आठवडाभर आवळलेली गाठ सैल होत होती.

दुपारी तो गेल्यावर ती दिवाणावर जराशी टेकली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला.  विमलाबाईंनी लगबगीने फोन उचलला. भनपुरीहून कुणी ड्रायव्हर बोलत होता. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मॅडम सोई हैं," त्या म्हणाल्या. "घंटाभर बाद करना."