वाचून दाखवले, मान्य आहे

वेताच्या खुर्चीची बैठक विणताना वेतवालीचा हात कधी चुकत नसे. जन्मापासून दृष्टी नव्हती. पण काडी चिमटीत धरताच कच्ची की पक्की, हे ती सांगे. कागदाचं मात्र तसं नव्हतं. कागद थोरला भाऊ वाचून दाखवी, आणि दादाने वाचलं की विषय संपला. सख्ख्या भावावर नाही तर कोणावर भरवसा ठेवायचा?

अपंगांसाठी राखीव गाळा सहा वर्षं खेटे घालून तिला मंजूर झाला होता. दादा म्हणाला होता, "किल्ली मी आणतो." पण तिला दम निघेना. काठी घेतली आणि एकटीच कचेरीत गेली.

"किल्ली तर परवाच दिली तुमच्या भावाला," कारकून म्हणाला. "पालक आहेत ना ते तुमचे."

"पालक? अहो, चाळिशी उलटली माझी!"

"अंगठा तुमचाच आहे, बाई. ऐका. 'मी माझा कारभार पाहण्यास असमर्थ असून गाळा भावाने चालवावा किंवा भाड्याने द्यावा.'"

याच कागदावरून दादाने स्वयंपाकघरात तिला वाचून दाखवलं होतं, 'दुकान मी स्वतः चालवीन.' जराही न अडखळता! वर अंगठ्याची शाई स्वतःच्या रुमालाने पुसली होती.

"शेवटी काय लिहिलंय?"

"'मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे.' खाली माझी सही."

"तुम्ही कधी दाखवलात वाचून?"

कारकुनाने घसा खाकरला. "भावानेच आणला कागद. घरचा माणूस, म्हणून केली सही."

"मग माझी तक्रार लिहून घ्या."

"आता तक्रारीलाही पालकाची सही लागते."

चोराच्या हाती किल्ली, आणि ओरडायलाही त्याचीच परवानगी! कायद्याने दिलेला हक्क कचेरीने असा परस्पर भावाच्या खिशात घातला होता.

कारकुनाने फोन केला, तसा दादा धावत आला. त्याने तिचं कोपर धरलं. "तुझ्याच भल्यासाठी केलं गं. घरी चल, चारचौघांत शोभा नको."

तिने कोपर सोडवून घेतलं. गाळा गेल्याचं दुःख होतंच. पण दादाचा आवाज अजूनही तितकाच मायेचा होता, हे तिला सहन होईना.

ती रांगेकडे वळली. "मला वरच्या साहेबांना अर्ज करायचाय. मी सांगेन तेच लिहील, असं कोणी आहे का इथे?"

रांगेत वीसेक माणसं होती. सगळ्यांना लिहिता-वाचता येत होतं. ती वाट पाहत उभी राहिली.