बाबांची धार

माझे सासरे कारखान्यात हत्यारांना धार लावायच्या खात्याचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर चालवायला घेतलं. घर आधीपासून चालत होतं, ही गोष्ट कुणी त्यांच्या कानावर घातली नव्हती. आधी त्यांनी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कुंड्या ताब्यात घेतल्या आणि मापून पाणी घालून सगळी झाडं मारली. मग कपाट लावलं. तेव्हापासून आईंना स्वतःचा रुमालही विचारून घ्यावा लागतो. त्यांच्या हातात स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं.

बाबा तिथे शिरले ते सुरी घेऊन.

सुरी घ्यायला त्यांनी मला बरोबर नेलं, म्हणजे पिशवी धरायला. दुकानदाराने सात सुऱ्यांचा सेट पुढे केला. "घराला एक सुरी लागते," बाबा म्हणाले, "बाकीच्या खोकं भरायला असतात." मग त्यांनी एकेक सुरी उचलून पातं उजेडासमोर धरलं, ते मुठीच्या टोकापर्यंत आत गेलंय का ते पाहिलं, बोटावर तोल बघितला. काउंटरवर खोटा खोटा कांदाही चिरला, बोटांची पेरं खाली आपटतात का ते बघायला. मला सून करून घेताना त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. दुकानदाराने शेवटी स्टूल ओढून बसून घेतलं. सुरी मात्र खरंच चांगली निघाली, हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं.

दर रविवारी सकाळी धार लावायचा दगड पाण्यात भिजायचा आणि व्याख्यान सुरू व्हायचं. कोन बदलायचा नाही, जोर लावायचा नाही, दोन्ही बाजूंना सारखा न्याय. संध्याकाळच्या चहाला सुरीने कागदाची पट्टी कापून दाखवायचे आणि आम्ही 'वा' म्हणायचं. कागद कधी कापला जायचा, कधी फाटायचा. 'वा' ठरलेलं होतं.

आईंचं गुपित मला कळलं ते तापलेल्या झाकणामुळे. ते त्यांनी नुसत्या हाताने उचललं आणि शांतपणे बाजूला ठेवलं. बरेच महिने त्यांच्या बोटांच्या टोकांना काही कळतच नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्याही चोरून.

"त्यांना सांगशील तर बघ," त्या म्हणाल्या. "झाडं गेली, कपाट गेलं. आता हे कळलं तर काळजीच्या नावाखाली ओटा पण जाईल. मग मी दिवसभर काय करू, टीव्ही पुसू?"

जुन्या बोथट सुरीची त्यांना भीती नव्हती, या सुरीची होती. म्हणून त्यांनी उपाय काढला होता. रविवारी बाबा जेवून झोपले की त्यांचाच चहाचा कप पालथा घालायचा आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासायची. एवढी नखरेल वस्तू अशी घासली की तिची धार मरेल, असा त्यांचा सरळ हिशोब.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की रविवारी संध्याकाळी कागद आता सर्रकन कापला जातोय. "आत्ता कुठे हात बसला माझा," बाबा म्हणायचे. शेजाऱ्यांनाही बोलवून दाखवायचे.

मग एका सकाळी काकडीच्या चकत्या लाल झाल्या. आईंना ते दिसलं, पण लागलेलं कळलं नाही. बाबांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "पातं चांगलं असलं की जखम सरळ होते, लवकर भरते." मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, बायकोने हूं की चूं केलं नाही, ते दिसलं नाही का तुम्हाला? त्या दिवसापासून चिरायचं काम माझ्याकडे आलं. सुनेला शिकवतेय, असं आईंनी जाहीर केलं. सुनेचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. बाबांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी दुपारी मी आईंना कपासकट पकडलं.

"आता तुझी बोटं आहेत ना," त्या म्हणाल्या. "म्हणून जरा जास्तच घासतेय."

"आई, अहो, कपाच्या बुडाने धार लागते!"

त्या सुरीकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस धार मी लावत होते?" आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "मग त्यांच्या दगडाने काय होतं?"

ते संध्याकाळी कळलं. घासणं अर्धवट राहिलं होतं. कागद चुरगळला, फाटला. बाबांनी दुसरी पट्टी घेतली, तीही फाटली. 'वा' कुणाच्या तोंडून निघेना.

"हात कापतो गं हल्ली," ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. चहा तसाच ठेवून उठले. आठवडाभर त्यांनी मला एकही सूचना केली नाही, आणि खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्या रविवारी आईंनी स्वतःच कप पालथा घातला. "मला नाही बघवत त्यांच्याकडे," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी कागद सर्रकन कापला गेला. पहिलं 'वा' आईंचं होतं.

काही महिन्यांनी बाबांनी मला पुन्हा पिशवी घ्यायला सांगितली. कप आणायचा होता. दुकान तेच. आम्हाला बघून दुकानदाराने आधीच स्टूल ओढलं. बाबांनी एकेक कप उचलून पालथा केला आणि बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. फुलांचे, सोनेरी काठाचे, सगळे गुळगुळीत कप त्यांनी बाजूला सारले.

"आजोबा, कप वरून बघतात," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे खालून बघतात."

शेवटी त्यांनी एक बेढब तपकिरी कप निवडला. "जड आहे. घासताना सरकणार नाही," ते मला म्हणाले. "जुन्याचं बूड झिजलंय, काळ्या रेघाच रेघा. जन्मभर धार लावली मी, एवढं कळतं मला. तिला बोलू नकोस, थांबेल ती."

मी पिशवी उघडून धरली.

"आणि चिरायचं तूच बघ. तिच्या बोटांचं मला ठाऊक आहे. ओटा तिचाच राहू दे."

आईंनी आधी ती सुरी मारायलाच घेतली होती, हे त्यांना माझ्याकडून कधी कळणार नाही.

घरी कप बघून आईंनी नाक मुरडलं. "अख्ख्या दुकानात हाच मिळाला? निवड म्हणून नाही तुम्हाला." बाबांनी तो स्वतःच धुऊन ओट्यावर ठेवला. रविवारी जेवण झाल्या झाल्या ते आत जाऊन आडवे झाले, आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्याने घोरू लागले.