हात वर करा

नणंदेने पोपटाचं पिल्लू शिंपीणबाईंकडे ठेवलं ते एका अटीवर. तीन महिन्यांत माणसाळलं नाही, तर दुकानात परत. पिल्लू इतकं भित्रं, की मापाची टेप दिसली तरी अंग चोरायचं. साप वाटत असावा.

बाईंनी घाई केली नाही. टेपेचा एक तुकडा त्या रोज वीतभर पिंजऱ्याजवळ सरकवायच्या. माप द्यायला आलेल्या प्रत्येकीच्या तळहातावर सूर्यफुलाची बी ठेवून सांगायच्या, "त्याच्याकडे बघू नका, नुसता हात पुढे धरा." हळूहळू पिंजऱ्याचं दार उघडंच राहू लागलं.

मुदत संपली त्या दिवशी नणंद पिशवी घेऊन हजर. "वहिनी, पालथ्या घड्यावर पाणी. आणा त्याला."

"हात वर करा," पिंजऱ्यातून आवाज आला. हुबेहूब बाईंचा, माप घेतानाचा.

नणंदेचे हात आपसूक वर गेले, पिशवी खाली पडली. पिल्लू उडून तिच्या दंडावर बसलं आणि बी शोधत तुरुतुरु मनगटाकडे निघालं.

"वहिनी, दुकानाचं राहू दे," ती कुजबुजली. "हात खाली कधी करू, तेवढं सांगा."

"थांबा वन्सं," बाईंनी टेप उचलली. "उभ्याच आहात, तर बाह्यांचं माप घेते."