डबलमामांची शिलाई

शोरूमच्या दारातच डबलमामांनी लेकीला बजावलं होतं, "तू फक्त बसायचं. बोलायचं काम माझं." बोलायचं मामांनी आणि पैसे भरायचे लेकीनं, अशी ही वाटणी. लेकीला ती मुकाट मान्य होती, कारण दुकानदाराशी हुज्जत घालणं तिला या जन्मात जमलं नसतं.

मामा तीस वर्षं कारखान्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवत होते. स्वतःच्या घरात गाडी कधी आली नव्हती, ती गोष्ट वेगळी. इतरांची मशीन जिथे एकदा फिरे तिथे यांची दोनदा फिरायची, म्हणून कारखान्यानं त्यांना डबलमामा करून टाकलं होतं, आणि ते नाव ते छाती काढून मिरवायचे. लेक इस्पितळात नर्स. सोमवारपासून तिची बदली झाली होती ती चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात. पहाटे सहाला हजर व्हायचं, आणि त्या वेळी त्या रस्त्यावर चिटपाखरूही फिरकत नाही, बसचं तर नावच नको. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं ते उघड होतं. कर्ज मिळालं होतं नेमकं छापील किमतीएवढं. वर हजार काढायचे म्हटले तरी घरात शोधाशोध करावी लागली असती.

आणि टायवाल्या विक्रेत्यानं पुढे सरकवलेल्या कागदावर छापील किमतीखाली तब्बल एक्केचाळीस हजार जास्तीचे होते.

हा टायवाला फार गोड बोलायचा. मामांना तिथेच संशय आला. आल्यापासून "सहा एअरबॅग, काका, सहा" असा त्याचा जप चालू होता, जणू त्या त्यानं घरी फुगवून आणल्या होत्या.

"हे नऊ हजार कसले?" मामांनी कागदावर बोट ठेवलं.

"हँडलिंग. गोदामातून गाडी इथे आणायचा खर्च."

"गोदाम कुठंय?"

"मागच्याच आवारात."

"मग गाडी तिथेच राहू दे. आम्ही मागच्या दारानं घेऊन जातो."

लेकीनं पदरात नाही, पण ओढणीत हसू दाबलं. टायवाला आत मॅनेजरला विचारून आला आणि नऊ हजारांवर काट मारली. मग खालच्या पत्र्याच्या कोटिंगचे बारा. मामा सरळ जमिनीवर आडवे झाले, मोबाइलचा उजेड गाडीखाली मारला आणि उठून गुडघे झटकत म्हणाले, "बारा हजारांचं तिथं काही दिसलं नाही बुवा. तुम्ही बघता का?" टायवाल्यानं इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि बारा सोडले. काचेवर नंबर कोरायचे चार.

"कोरलाय का?"

"कोरायचाय अजून."

"मग नका कोरू. त्रास वाचला तुमचा."

मामा आता चांगलेच रंगात आले होते. उरले होते सोळा हजार, सीटकव्हरांचे, आणि तिथे मात्र टायवाला हटून बसला. कव्हरं प्रत्येक गाडीला लावूनच येतात, काढता येत नाहीत, वरचा नियम आहे, वगैरे वगैरे.

"कव्हर काढता येत नाही, हे तू मला सांगतोस?" असं म्हणत मामा उठले. त्यांनी गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटच्या खालच्या कोपऱ्यात हात घातला आणि तिथेच थबकले. बोटांना टाक्यांची एक बारकी फुली लागली होती. शेवटचा टाका झाला की ती फुली मामा घालायचे. दुसरं कुणी घालत नसे.

"अगं, हे तर माझंच!"

एका सेटमागे त्यांच्या हातात साडेतीनशे पडायचे. सोळा हजार ऐकून त्यांचा जीव जळत होता, पण खरं सांगायचं तर आतून ते सुखावलेही होते. आपलं काम असं चकचकीत काचेच्या दुकानात बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

लेक धावत आली. "बाबांच्या हातची? मग राहू देत," ती टायवाल्याला म्हणाली. "सोळाचे दहा करा. मी बांगड्या ठेवते कुठेतरी."

"डोकं फिरलंय का तुझं?" मामा कडाडले. "तुला मी घरी शिवून देईन, याहून चांगली." त्यांनी खिशातून टाके उसवायचं बारकं पातं काढलं, दोन बंद कापले आणि कव्हर वर ओढलं.

खाली गाडीची मूळची सीट होती. मामांचा हात सवयीनं शिवणीवरून फिरला. सगळीकडे जाड दोरा, दाट टाके. फक्त दाराकडच्या बाजूला वीत-दीड वीत शिवण बारीक दोऱ्याची, एकेरी.

"बघ, बघ! लाखांची गाडी, आणि इथे दोऱ्याची काटकसर!"

टायवाल्याला सकाळपासून पहिल्यांदाच मामांवर हसायची संधी मिळाली. "काटकसर नाही, काका. एअरबॅग तिथेच आहे. बाजूनं धडक बसली की फुगा ती शिवण फाडून बाहेर येतो, म्हणून बरगड्या वाचतात. शिवण मुद्दामच कच्ची ठेवतात तिथे."

मामांनी हातातल्या कव्हराकडे पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यात कटिंगमास्तरांनी कव्हरांचा नवा नमुना हातात ठेवला होता. दाराकडची शिवण बारीक दोऱ्यानं, एकदाच मारायची. का, ते मास्तरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मालक दोरा वाचवतोय, अशी मामांची खात्री झाली, आणि आपल्या हातून कच्चं काम जायचं नाही म्हणून त्यांनी पदरच्या पैशांनी जाड दोरा आणला. ती शिवण दोनदा मारली. तीन वर्षं, प्रत्येक सेटला. माल तपासणाऱ्यानं एकदा ती ओढून पाहिली होती, आणि निघेना तेव्हा मामांची पाठ थोपटली होती.

त्यांनी हातातलं कव्हर उलटं केलं, ती शिवण दोन्ही मुठींत धरली आणि जीव खाऊन ओढली. एक टाका हलला नाही.

"बाबा, काय झालं?"

"फुगा आतच अडकेल गं," मामा म्हणाले. "मी अडकवलाय."

ते बाहेर आवारात गेले. तिथे तयार गाड्या उभ्या होत्या. पहिलीत फुली होती, दुसरीत होती, तिसरीतही होती. त्यांनी चौथीच्या दाराला हात घातला.

तेवढ्यात मॅनेजर आला आणि दोघांना अदबीनं आत घेऊन गेला. केबिनचं दार लावून त्यानं सगळा प्रकार ऐकला, मग नवा कागद काढला. एक्केचाळीस हजारांच्या जागी शून्य. त्याखाली आणखी एक कागद होता: कव्हरं ग्राहकानं स्वतःच्या आवडीनं काढली, त्यांत दोष आढळला नाही.

"इथे ताईंची सही, आणि गाडी आत्ता घेऊन जा. बाकीचं आम्ही बघतो."

"बघता म्हणजे? ज्यांनी गाड्या नेल्या त्यांना कळवणार?"

"योग्य वेळी."

"त्यांचे नंबर द्या. मी करतो फोन."

"असे नंबर देता येत नाहीत, काका." मॅनेजरनं आवाज आणखी खाली आणला. "आणि बोभाटा झालाच, तर पहिलं नाव कुणाचं निघेल? शिवलं कुणी?"

 मामांनी सकाळपासून ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते सगळं न मागता समोर आलं होतं. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, पण लेकीची सोमवारची पहाट काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"कर सही," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

लेकीनं पेन उचललं. दुसरा कागद तिनं दोनदा वाचला आणि पेनचं टोपण लावलं.

"वॉर्डात चुकीचं औषध गेलं, तर आधी पेशंटला सांगायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात," ती म्हणाली. "सोमवारचं सोमवारी बघू. चला, बाबा."

बाहेर ऊन रणरणत होतं. बसस्टॉपकडे जाताना चौकात सिग्नल लाल झाला आणि पुढ्यातच तसलीच एक पांढरी गाडी येऊन थांबली. काचेतून तपकिरी कव्हर दिसत होतं. मामांना वाकून फुली शोधायचीही गरज नव्हती. खिशातलं पातं काढत ते धावले आणि काच ठोठावू लागले. आतल्या गृहस्थानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मुठीतल्या पात्याकडे, आणि खट्‌कन दारं लॉक केली.

"साहेब, ती दाराकडची शिवण तेवढी..."

हातानंच "पुढे जा" अशी खूण झाली. दिवा हिरवा झाला, गाडी गेली. मामा भर रस्त्यात उभे राहिले. मागून हॉर्न वाजत होते.

लेकीनं त्यांना दंडाला धरून कडेला आणलं, त्यांच्या बोटांतून पातं सोडवून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"काय सांगू गं लोकांना?" मामांनी विचारलं. "कोण ऐकेल?"

"तुम्ही शिवलंय, असं सांगायचं. तेच आधी सांगायचं."

सिग्नल पुन्हा लाल झाला. मामांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि ते गाड्यांमध्ये शिरले.