साडेआठचे दोन आकडे

सकाळचे ऊन आमच्या पेटीवर एकदम येत नसे. आधी ते कुंपणापलीकडच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर रेंगाळे. मग गवतावरच्या दवातून सावकाश चालत येई आणि पेटीच्या पांढऱ्या फळ्यांवर हात ठेवी. फळ्या तिरक्या असल्याने ऊन बाहेरच राही. आत झिरपे तो केवळ फिकट, मऊ उजेड. रोजचाच, कुणाच्याही ध्यानात न येणारा. त्या उजेडात माझे सारे उमेदीचे आयुष्य गेले.

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. रात्रीचे सर्वांत कमी तापमान सांगणारा. माझ्या काचेच्या नळीत पारा नाही, मद्यार्क आहे, आणि त्यात बुडालेली एक इवलीशी काळी सुई. गारठा वाढला की मद्यार्क आक्रसतो, सुईला मागे ओढतो आणि ऊब येताच तिला तेथेच सोडून परततो. सुई थांबली, ती रात्रीची थंडी.

१९५८ साली खडकीजवळच्या एका लहानशा हवामान केंद्रात मला पेटीत आडवे ठेवले. शेजारी पाऱ्याचा साधा तापमापक उभा होता. रोज सकाळी साडेआठला निरीक्षक गोपाळकृष्ण येत. नोंद होईपर्यंत ते चहाला शिवत नसत. सुई वाचून झाली की मला अलगद तिरपे करून ती पुन्हा मद्यार्काच्या टोकाशी आणत. त्या क्षणी माझा आणि शेजाऱ्याचा आकडा एकच असायला हवा. तरीही ते दोन्ही आकडे वहीत लिहीत.

१९७४च्या हिवाळ्यापासून आकडे जुळेनात. मी अर्धा अंश कमी सांगू लागलो. माझी खात्री होती, शेजारीच म्हातारा झाला! गोपाळकृष्णांनी मात्र ना त्याच्यावर संशय घेतला, ना माझ्यावर. त्यांनी चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला.

केंद्रप्रमुख आप्पासाहेब हसत. "अहो, थंडी काय सोनाराच्या काट्यावर तोलायची आहे? एकच आकडा पुरे."

"तोलत नाही, साहेब. दिसतं ते लिहितो."

१९७९ साली नवा तापमापक आला. मला कापसात गुंडाळून कपाटात ठेवले. तेथे उजेड नव्हता.

तेहतीस वर्षांनी कपाट उघडले ते सुनीती नावाच्या संशोधक मुलीने. देशभरातल्या ऊन, पाऊस, विहिरींचे पाणी, झाडांचा बहर यांच्या जुन्या नोंदी एकत्र जोडून हवापाणी कसकसे बदलत गेले, हे पाहण्याचे मोठे काम सुरू झाले होते. आमच्या केंद्राचे आकडे १९७४ साली खाली घसरत आणि १९७९ साली एकदम वर उडी मारत. अशा बेभरवशाच्या केंद्राच्या नोंदी वगळाव्यात, असे वरिष्ठांचे मत पडले होते. शेवटचे विचारून पाहावे म्हणून तिने कोथरूडहून गोपाळकृष्णांना बोलावले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ टेबलापाशी अपराध्यासारखे बसले होते. त्यांच्या साऱ्या नोकरीतल्या एकतीस वर्षांच्या सकाळी निकालाची वाट पाहत होत्या.

सुनीतीने भिंगाखाली माझी नळी धरली. नळीला धरून ठेवणाऱ्या पितळी पट्टीखाली, अगदी टोकाला, मद्यार्काचा एक थेंब अडकलेला होता.

"आजोबा, हा थेंब वर अडकला, म्हणून खालचा मद्यार्क तेवढा कमी पडला. आणि किती कमी, ते तुमच्या वहीतल्या दोन आकड्यांवरून रोजचं रोज कळतंय. सगळ्या नोंदी दुरुस्त करता येतील. एकही वगळायची नाही."

"म्हणजे माझे डोळे..."

"ठणठणीत होते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दीर्घ श्वास सोडून म्हणाले, "मग आता चहा सांगायला हरकत नाही."

ती दोघे हसली. किती वर्षांनी माझ्यावर सकाळचा उजेड पडला होता!

मित्रांनो, यंत्रे जपा. पण त्यांच्याशेजारी बसून दिसेल ते लिहिणारी माणसे अधिक जपा. त्यांनी माझी चूकसुद्धा इतक्या प्रामाणिकपणे सांभाळली, की तिचाही उपयोग झाला.

तरी कितीतरी वेळ मी स्वतःला समजावत राहिलो, की तो थेंब कपाटातच कधीतरी वर चढला असेल. तसे नव्हते. त्या पाच हिवाळ्यांत शेजारी बरोबर होता, मी चूक होतो.