स्वयंपाकघरातला जुना कॉम्प्युटर

सून पुन्हा टेबलाखाली वाकून राउटरची वायर चाचपू लागली, तेव्हा सासूबाईंना दारात उभंही राहवेना आणि आत जाऊन बसवेना. थोड्याच वेळात कॉम्प्युटरवर सुनेची नोकरीची मुलाखत, आणि नेट म्हणजे रुसलेला जावई. घटकेत येतं, घटकेत जातं.

“दिवे हिरवेच आहेत,” सून म्हणाली. “मोबाइलवर चालतंय. फक्त या कॉम्प्युटरवर जातं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” सासूबाई बोलून गेल्या, आणि त्यांचं त्यांनाच बोचलं. सून साहेबीण होणार, हे अख्ख्या गोतावळ्यात त्यांनीच मिरवलं होतं.

सुनेने राउटर बंद करून पुन्हा लावला. नेट आलं. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मघाशी दोनदा लावून बंद केलेला आपला कॉम्प्युटर त्यांनी पुन्हा लावला. तो घरातला जुना. लेकाने भंगारात द्यायला सांगितलं होतं, पण चालती वस्तू टाकतील तर त्या कसल्या. रोज दुपारी त्यावर बहिणीचं तोंड बघितल्याशिवाय त्यांना चैन नसे. एरवी सून कॉम्प्युटरवरचं आपलं काम सकाळीच आटपायची. आज पहिल्यांदाच दुपारी बसली होती.

बहीण “काय गं” म्हणते न म्हणते, तोच बाहेरून आवाज आला. “गेलं परत.”

सुनेने परगावी असलेल्या नवऱ्याला स्पीकरवर फोन लावला. “हा आयपी अॅड्रेस दुसरं कुणी वापरतंय, असं लिहून येतंय.”

“दुसरं कोण? मी जुन्या कॉम्प्युटरच्या सेटिंग तुझ्या नव्यात जशाच्या तशा उतरवल्या, अॅड्रेससकट. एका घरात दोन कॉम्प्युटरना नेटवरचा एकच पत्ता दिला की ते भांडतात. पण जुना तर भंगारात गेला ना?”

सुनेने स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा नाही. तेच सासूबाईंना जास्त लागलं.

“नाही गेला,” त्या फोनजवळ येऊन म्हणाल्या. “माझ्या ओट्याशेजारी आहे.”

“आई, तुला सांगितलं होतं…”

“सांगितलंस, मी ऐकलं नाही. पुढचं बोल.”

“तुझा बंद कर. मुलाखत झाली की हिच्याकडून सेटिंग बदलून घे.”

पडद्यावर बहीण तावातावाने काही सांगत होती. “फुगायचं तर फुग,” म्हणत सासूबाईंनी प्लग उपटला.

बाहेर सून बोलू लागली. एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज तुटत नव्हता. मध्येच ती थांबली की सासूबाई मुठीतल्या प्लगकडे बघायच्या. तो तिथेच असायचा.