एका वाकड्या रेघेचा आळ

मी एक जुना वर्णपटमापक आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. दुर्बिणीच्या पोटाखाली बोल्टांनी घट्ट बसवलेली एक लोखंडी पेटी, एवढंच माझं रूप. माझ्या आत आरशासारखी एक काचपट्टी होती आणि तिच्यावर केसाहून बारीक हजारो रेघा. ती बसवताना कारागिराने श्वाससुद्धा रोखून धरला होता. आकाशातून आलेला प्रकाश ती रंगारंगांत उलगडायची, आणि त्या रंगपटाच्या चित्रात तापलेल्या वायूची चमकती रेघ उमटायची. वेधशाळेत तेव्हा माझं कोण कौतुक होतं!

पुढे एक संशोधक ताई आल्या. त्यांना एका दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचा, ध्यास होता. तिच्या मध्यभागी अवाढव्य कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू इतका तापतो, इतका झळाळतो, की आजूबाजूचा वायू बाहेर ढकलला जातो. नवे तारे याच वायूतून जन्मतात. तोच निघून गेला तर दीर्घिकेत नवा तारा जन्मणार कसा? हे खरंच घडतंय का, एवढंच ताईंना जाणून घ्यायचं होतं. आपल्या दिशेने येणाऱ्या वायूची खूण म्हणजे चित्रातल्या त्या रेघेच्या निळ्या बाजूला आलेला फुगवटा. तो मी पहिल्याच वेळी दाखवला.

वेधशाळेचे प्रमुख हसले. "अगं, पेटी म्हातारी झाली. तिची पाठ वाकली, म्हणून रेघही वाकडी येते. सरळ करून घे."

तेव्हापासून दर चित्रातला फुगवटा यंत्राचा दोष म्हणून पुसला जाऊ लागला, आणि जागा अडते म्हणून मूळ चित्रंही. ताई मान खाली घालून पुसत राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

अखेर मला काढून दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. त्या दुपारी तंत्रज्ञाने मला खाली उतरवलं, आणि ताई धावत आल्या. त्यांच्या हातात शेवटचं, अजून न पुसलेलं चित्र होतं.

"सर, हे बघा. या खेपेला मी पेटी जरा फिरवून लावली, तर शेजारचा ताराही चित्रात आला. त्याच्या रेघा अगदी सरळ आहेत! दोष पेटीचा असता तर त्याही वाकड्या आल्या असत्या ना?"

प्रमुखांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "म्हणजे इतकी वर्षं आपण पुसलं ते..."

"वायू होता, सर. आणि मी स्वतःच्या हाताने पुसला."

प्रमुख तंत्रज्ञाकडे वळले. "अरे, थांब! पेटी परत बसव!"

तंत्रज्ञ चाचरला. "सर, कपाटात शोभावी म्हणून आतली काच आत्ताच पुसली. चांगली घासून लख्ख केली."

मित्रांनो, त्या काचपट्टीला बोटही लावायचं नसतं. कपडा फिरला आणि रेघा गेल्या. ताई तिथेच जमिनीवर बसल्या.

आता मी कपाटात आहे. एकुलत्या एका चित्रावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि दुसऱ्या वेधशाळेतल्या दुर्बिणीवर ताईंचा नंबर कधी लागेल, ठाऊक नाही. माझ्यासमोरून जाताना त्या मान वर करत नाहीत. मला त्यांचा राग नाही, फक्त फार वाईट वाटतं.

माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. एखादी गोष्ट तुम्हाला हवी तशी सरळ दिसली नाही, तर लगेच फडकं उचलू नका. ती काय सांगतेय, ते आधी ऐका.